हनीफचाचांचं स्टार्टचं बटण

हनीफचाचा कोणालाही कॅसेटला फुंकर मारू द्यायचे नाहीत. व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट नीट बसली नाही, टीव्हीवर हिरवे-निळे पट्टे आले, की माणसाचा हात आपोआप कॅसेट उपटतो आणि तोंडापुढे धरतो. चाचांच्या दुकानात असं कोणी केलं की ते स्टुलावरून उठून कॅसेट काढून घ्यायचे. "फुकू नको बाप्पा. थुकी जाते आत. आज चालन, उद्या गंजन. फुकून कोनतं मशीन सुधरलं आजलोक?" मग आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळायचे, स्पिरिटच्या बाटलीत बुडवायचे आणि कॅसेटचे पितळी दात एकेक करून पुसायचे. हा कापूस दामू साळवे स्वतःच्या वावरातून मूठभर आणून द्यायचा. त्याच्याबद्दलही चाचांची तक्रार होतीच. देशी कपाशीचा कापूस काडीला धरून बसायचा, हे बीटी सरकतं, असं ते म्हणायचे. मी बीटीचं बियाणं विकणारा माणूस. बियाणं कंपन्यांच्या पुष्कळ बैठकांना बसलो, तिथली जेवणंही जेवलो, पण ही तक्रार मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळाली नाही.

बीबी या आमच्या गावी बसस्टँडच्या रस्त्यावर आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. माझं कृषी केंद्र आणि त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं. माझ्या दुकानाला दहा फुटांची पाटी होती, तिच्यावर टवटवीत बोंडं काढलेली. त्यांच्या दुकानाला पाटीच नव्हती. पण बाहेरगावचा माणूस बंद पडलेला रेडिओ काखेत मारून स्टँडवर उतरला की कोणीही त्याला बोटाने दार दाखवायचं. चाचा उंच, काटकुळे, पांढरी आखूड दाढी. चष्म्याची एक काडी तुटलेली, ती त्यांनी सोल्डरचा डाग देऊन जोडली होती आणि आयुष्यभर तशीच वापरली. मशीनबद्दल बोलताना ते 'बिघडलं' असं कधी म्हणत नसत. "बिमार हाय," म्हणायचे. फारच हाताबाहेर गेलं असेल तर, "लय बिमार हाय. पन मेलं नाई." माझ्या दुकानात औषध या शब्दाचा अर्थ विष असा होता आणि भिंतीपलीकडे बिमार रेडिओंना खरोखरची औषधं चालायची, यावरून मी त्यांना पुष्कळ चिडवलं आहे. ते नुसते हसायचे आणि आपल्या चहातला अर्धा बशीत ओतून माझ्याकडे सरकवायचे.

त्यांच्या दुकानात मागच्या भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर दुरुस्त होऊन पडलेल्या, पण कोणी न्यायलाच न आलेल्या वस्तू. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: माणसाचं नाव, गाव, काय झालं होतं ते. ती वर्षंच तशी होती. माणसं रेडिओ दुरुस्तीला टाकायची आणि मग कोणी सुरतेला जायचं, कोणी पुण्याला वॉचमन म्हणून जायचं. दोघं-तिघं तर जगातूनच गेले. मी म्हणायचो, "चाचा, विकून टाका आता. वर्षं झाली." ते मान हलवायचे. "अमानत हाय शेठ. माणूस येईन." दर शुक्रवारी दुपारची नमाज पढून आले की फळीवरची एकेक वस्तू पाच मिनिटं चालू करायचे, कारण चालवली नाही तर ती मरते असं त्यांचं म्हणणं. त्यातही एकेक करून चालवायला वेळ कोणाला, म्हणून सगळे रेडिओ एकदम लावायचे. सात रेडिओंवर सात आकाशवाण्या. एकीकडे बाजारभाव, एकीकडे भजन, एकीकडे नुसती खरखर. मधे हनीफचाचा मांडी घालून, डोळे मिटून. कोणता आवाज कोणत्या रेडिओचा हे त्यांना कळायचं.

व्हिडिओ गेम आला तोही असाच. पाटबंधारे खात्यातले एक साहेब लोणारला होते. त्यांनी मुलाचा गेम दुरुस्तीला टाकला आणि त्यांची कोकणात बदली झाली. मातकट पांढऱ्या रंगाचा डबा, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन रिमोट. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'साहेब. चित्र येते, आवाज नाही.' चाचांनी आवाज आणला. साहेब काही आले नाहीत. मग शुक्रवारच्या पाच मिनिटांत त्याचाही नंबर लागला. पण रेडिओ नुसता लावून ऐकता येतो. गेम चालू आहे की नाही हे पाहायचं तर खेळावं लागतं. हनीफचाचा तेव्हा पन्नाशीच्या जवळ आले होते.

कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ आहेत असं छापलेलं होतं. चाचांचा छापील गोष्टींवर फार विश्वास नव्हता. त्यांनी एका रमजानमध्ये, दुपारी गिऱ्हाईक नसताना, वही घेऊन एकेक खेळ लावून पाहिला. महिनाभर हे चाललं होतं. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देत त्यांनी निकाल सांगितला. "चौदा. बाकी सारे तेच तेच, नावं बदलवून टाकले." मी हसलो. ते म्हणाले, "हसू नको. तुह्या फळीवर बियाण्याचे किती पाकिटं हायत? त्यातले येगळे किती?" उत्तर मला माहीत होतं. मी शीरखुर्मा खात राहिलो.

त्या चौदांपैकी एकच खेळ त्यांनी धरला. रणगाड्यांचा. पडद्यावर विटांच्या भिंती, वरून शत्रूचे रणगाडे येतात, खाली मधोमध आपला छोटासा किल्ला. तो वाचवायचा. दोघांना मिळून खेळता येतो, एक पिवळा रणगाडा, एक हिरवा. दुसरा माणूस दामू साळवे.

दामू भीमनगरातला. चाचांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. तीन एकर कोरडवाहू, आणि फवारणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर. आपला रेडिओ न्यायला आला तो शुक्रवार होता. चाचा एकटेच खेळत होते आणि हरत होते. दामू मागे उभा राहून पाहत राहिला आणि म्हणाला, "अबे हनीफ, तू किल्ल्याले चिकटून काऊन बसला? पुढं जा ना." चाचांनी दुसरा रिमोट त्याच्या हातात दिला. त्या दिवशी दामू रेडिओ न्यायचा विसरला. रेडिओ पुढे कित्येक वर्षं फळीवरच होता, चिठ्ठीसकट.

माणूस कसा खेळतो यावरून तो कसा आहे ते कळतं, असं मी उगाच म्हणणार नाही. पण दामू विटांच्या भिंती फोडायचा तेव्हा डावीकडून सुरुवात करायचा आणि नांगराचं तास धरल्यासारखा सरळ उजवीकडे जायचा. मधेच कुठे तोंड घालायचा नाही. हनीफचाचा किल्ला सोडायचे नाहीत. बारा-तेरा वर्षं हा खेळ मी भिंतीपलीकडून ऐकला आणि दारातून पाहिला. हिरवा रणगाडा पुढे, पिवळा किल्ल्याशी. पडद्यावरच्या एका टप्प्याला ते 'वावर' म्हणायचे. "आज सतराव्या वावरात मेलो." एकूण पस्तीस वावरं. पस्तिसाव्याच्या पुढे काय आहे ते दोघांना पाहायचं होतं. दामूचं म्हणणं, काहीतरी नक्की दिसत असणार, एवढे रणगाडे मारल्यावर. चाचा म्हणायचे, "आपन पाहूनच घेऊ."

हंगामात कापसाच्या गाड्या जिनिंगच्या रस्त्याला लागायच्या, दोन-दोन, तीन-तीन दिवस रांगेत. बैल सोडलेले, माणसं बसून. त्यातली बरीचशी मग चाचांच्या दुकानात. मोठमोठे मिशीवाले गडी रिमोट घेऊन मांडी घालायचे. प्रल्हादबुवा नावाचे एक सत्तरीचे शेतकरी होते, ते रणगाडा कायम पडद्याच्या कडेकडेने न्यायचे. दामू ओरडायचा, "बुवा, मधातून घ्या ना!" तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या उभ्या पिकातून कसा नेऊ?" सगळं दुकान हसायचं. चाचा पैसे घ्यायचे नाहीत. वस्तू आपली नाही, साहेबांची आहे, हे त्यांचं कारण. बीटी नवीन होतं तेव्हा त्या रांगेत हसू असायचं. पुढे रांग तीच राहिली, माणसं तीच, पण कोणी रिमोट मागेनासं झालं. नुसती भिंतीला टेकून बसायची.

मी माझ्याबद्दल फार लिहिणार नाही, पण इथे लिहावं लागेल. बियाण्याच्या पाकिटात एक लहान पाकीट वेगळं निघायचं, साध्या कपाशीचं. ते वावराच्या कडेने लावायचं असायचं, अळीला तिथे खायला मिळावं म्हणून. मी विकताना ते सांगायचो, आणि समोरचा लावणार नाही हे मला सांगतानाच माहीत असायचं. आता औषध मारायची गरज नाही, हेही मीच सांगितलं. मग मावा आला, तुडतुडे आले, पानं लाल झाली, पांढरा पिठ्या ढेकूण आला. ज्यांना औषधाची गरज नाही म्हणून सांगितलं होतं, त्यांनाच मी एकाच्या जागी दोन औषधं देऊ लागलो. चाचांना हे दिसत होतं. ते बशीतला चहा माझ्याकडे सरकवत राहिले.

तो दिवस पोळ्यानंतरचा. पाऊस आठ-दहा दिवस उघडलेला, ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. कपाशी माणसाच्या छातीच्या वर गेलेली. सकाळपासून भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. मी दारात जाऊन पाहिलं तर दोघं चौतिसाव्या वावरात होते. इतके पुढे ते कधीच गेले नव्हते. तेवढ्यात दामू ज्यांच्याकडे फवारणीला जायचा त्या शेतकऱ्याचा माणूस मोटारसायकलवर आला. आभाळ येऊ लागलंय, आजच फवारा झाला पाहिजे, मालक वाट पाहताहेत. दामूने सांगितलं तसं चाचांनी आपल्या रिमोटवरचं स्टार्टचं बटण दाबून खेळ आहे तिथेच थांबवला, आणि दामू मालकाची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. दोन औषधं होती. एक तुडतुड्यांचं, एक अळीचं.

दोन्ही डबे हातात घेऊन तो म्हणाला, "शेठ, दोन्ही एकाच पंपात चालन का? दोनदा कोन मारत बसन. खेळ चालू ठेवून आलो ना मी."

मी कोणाशी तरी फोनवर बोलत होतो. "चालते ना," म्हटलं. डब्यावर काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, मला पाठ होतं. चालत नव्हतं.

तो पुन्हा चाचांच्या दुकानात गेला, गमछा घ्यायला. भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज आला. "बंद नको करू हनीफ. दोन घंट्यात येतो." आणि चाचांचा, "जाय, लवकर ये."

चार वाजता त्याला बैलगाडीत घालून आणलं. वारा पडलेला होता, कपाशी उंच, औषधाचे तुषार तिथेच तरंगून अंगावर बसत होते, आणि जीव घुसमटतो म्हणून त्याने तोंडावरचा गमछा सोडला होता. नीट बंद न झालेल्या नळासारखं त्याच्या तोंडातून थेंबथेंब पाणी गळत होतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. जीपमध्ये घालून मेहकरला नेलं, तिथून औरंगाबादला. गाडी निघाली तेव्हा हनीफचाचा जीपच्या मागच्या फळीला धरून थोडे पळाले. मग परत आले आणि दुकानात जाऊन बसले.

मला तेव्हा काही वाटलं नाही. हे जसं होतं तसंच लिहितो. दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक होतं, मी खताची गोणी उतरवून घेतली. हात धुतले. संध्याकाळी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांच्या दुकानात गेलो तर टीव्ही बंद होता, पण गेमच्या डब्यावरचा लाल दिवा लागलेला. डब्याचं वरचं झाकण त्यांनी स्क्रू काढून बाजूला ठेवलं होतं, तापू नये म्हणून. मला पाहून त्यांनी टीव्ही लावून दाखवला. चौतिसावं वावर जसंच्या तसं होतं. अर्ध्या फुटलेल्या भिंती, वर दोन शत्रू, हिरवा रणगाडा मधोमध, पिवळा किल्ल्याशी. खेळ थांबवल्याची इंग्रजी अक्षरं मधे लुकलुकत होती.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांना सांगायला हवं: त्यात काही साठवून ठेवता येत नाही. बटण बंद झालं किंवा लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या वर्षांत आमच्याकडे लाईट दिवसाचे बारा-बारा तास जायची.

"आज सकाळी लाईट गेली होती ना?" मी विचारलं.

चाचांनी टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे ट्रॅक्टरची बॅटरी होती. तिच्यापासून निघालेली वायर, मधे डाग दिलेला कसला तरी तुकडा, आणि लाईटची वायर दोन्ही एकत्र करून गेमला जोडलेल्या. "लाईट गेली तं हे घेते. आली तं ते. खेळाले पत्ता लागत नाई." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दाम्या आला म्हंजे इथूनच खेळू. बंद नको करू म्हने मले."

बॅटरी रोज चार्ज करावी लागायची आणि चार्ज होईपर्यंत दुसरी हवी असायची. ट्रॅक्टरवाल्याने दोन दिवसांनी आपली नेली. मग चाचा मशिदीत गेले. भोंग्याची बॅटरी मागितली. मौलानांनी विचारलं कशाला, तर खोटं बोलले नाहीत. "एका बिमार माणसाची चीज चालू ठेवायची हाय." मौलानांनी भोंग्याची वायर सोडून बॅटरी दिली. दोन दिवस अजान भोंग्याशिवाय झाली, स्टँडपर्यंत ऐकू आली नाही. ही गोष्ट भीमनगरात कळली. तिसऱ्या दिवशी विहाराच्या लाऊडस्पीकरची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून दामूचा साळा आला. नंतर कोणाकोणाच्या बॅटऱ्या आल्या ते मला सगळं आठवत नाही. बँडवाल्याचीही एक आली होती. माणसं औरंगाबादची खबर विचारायला माझ्या दुकानात न येता चाचांच्या दुकानात जायची, टेबलाखालच्या बॅटरीकडे पाहायची आणि लाल दिवा दिसला की काही न विचारता परत फिरायची.

मीही एक बॅटरी दिली. माझ्या स्कूटरची. चाचांनी ती हातात घेऊन पाहिली, "हे लहान हाय शेठ, हिचं काम नाई," म्हणाले आणि परत केली. मी ती घरी घेऊन आलो.

बावीस दिवस तो खेळ थांबलेला, म्हणजे चालू होता. तेविसाव्या दिवशी दुपारी काळीपिवळी जीप स्टँडवर थांबली आणि दामू उतरला. दोघांनी धरलेला. तो घराकडे वळलाच नाही, चाचांच्या दुकानात आला. दारापुढे माणसं जमली. मीही होतो, मागे. दामू निम्मा झाला होता, पण डोळे तेच, खट्याळ. "बंद तं नाई केला ना बे?"

"पाह्य ना तूच," चाचा म्हणाले आणि टीव्ही लावला.

चित्र आलं. दारातली माणसं आणखी पुढे सरकली. चाचांनी दामूला स्टुलावर बसवलं, हिरव्या रणगाड्याचा रिमोट त्याच्या हातात ठेवला, बोटं बटणांवर नीट बसवून दिली. स्वतःचा रिमोट उचलला आणि स्टार्टचं बटण दाबलं. खेळ सुरू झाला. हिरवा रणगाडा हलला नाही.

"दाबलं का म्या?" दामूने विचारलं. तो पडद्याकडे नाही, आपल्या अंगठ्याकडे पाहत होता. "हनीफ, दाबलं का बे म्या?"

त्याचे हात कोपरापासून खाली बधिर झाले होते. पायही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधाचा असा परिणाम मागाहून येतो, काहींना येतो, कधी जातो कधी जात नाही. आम्हाला ते त्या वेळी माहीत नव्हतं. अंगठा बटणाच्या शेजारी प्लॅस्टिकवर दाबला जात होता.

"हाव," चाचा म्हणाले. "दाबलं ना."

दोन गोळ्यांत हिरवा रणगाडा गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. चाचा किल्ल्याशी होते, तेही काही करत नव्हते. एक शत्रू खाली आला आणि त्याने किल्ला फोडला. संपल्याची ती छोटी धून वाजली. हनीफचाचांनी उठून गेम बंद केला. बावीस दिवसांनंतर तो लाल दिवा विझला. माणसं पांगली. मला त्या वेळी ओरडून सांगायचं होतं की मी सांगितलं होतं, मीच म्हटलं होतं चालते म्हणून. मी दुकानात जाऊन बसलो. तेव्हापासून माझ्या आत एक जागा अशी आहे की तिथे दाबलं तरी मला कळत नाही.

काही दिवसांनी पाहिलं तर चाचांच्या रिमोटवर, स्टार्टच्या बटणावर, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्यानंतर त्यांनी खेळ कधी थांबवला नाही. खेळ सुरू करायचा असला की पट्टी सोडायचे, बटण दाबायचे, पट्टी पुन्हा लावायचे. मधे गिऱ्हाईक आलं, अजान झाली, की रिमोट खाली ठेवून उठून जायचे. मागे रणगाडे येऊन किल्ला फोडून जायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "म्या थांबवलं म्हून त्यानं घाई केली. चालू राह्यला असता तं दहा मिनिटांत मेलो असतो आम्ही दोघंबी, खेळ संपला असता. मंग तो सावकाश गेला असता. दोनदा मारलं असतं त्यानं औषध, येगयेगळं." ते हे अगदी शांतपणे बोलले. मी बशीतला चहा पीत होतो. पीत राहिलो.

वर्षं गेली. दामू काठीने चालू लागला. हातांत थोडी ओळख परत आली, घास घेता येई, पण शर्टाचं बटण लागत नसे. त्याची तीन एकरं साळा करायचा. रेडिओ दुरुस्तीला येणं बंद झालं, मग टीव्हीही. चाचांनी मोबाईलचे चार्जर विकायला ठेवले. फळी मात्र तशीच, शुक्रवारही तसाच. फक्त रेडिओ सातावरून पाचावर आले, कारण दोन खरंच मेले. हे त्यांनी मला येऊन सांगितलं होतं.

मी दुकान विकलं. मुलगा बुलढाण्याला नोकरीत, तो म्हणाला इथेच या. निघायच्या दिवशी दुपारच्या बसला अर्धा तास होता, म्हणून चाचांच्या दुकानात गेलो. ठरवून गेलो होतो. तोंड उघडायचं, एवढंच.

दोघं टीव्हीपुढे बसले होते. पट्टी लावलेला रिमोट खाली सतरंजीवर पडलेला. चाचांच्या हातात दुसरा, दामूचा. दामू त्यांच्या खांद्याशी वाकून बोलत होता आणि चाचा तसं करत होते. "डावीकून धर. सरळ. सरळ जाऊ दे. आता मार." हिरवा रणगाडा डावीकडून सुरुवात करून, भिंती फोडत, सरळ तासाने उजवीकडे चालला होता. पिवळा किल्ल्याजवळ नुसता उभा होता. त्याला कोणी चालवत नव्हतं.

"बस ना शेठ," चाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "थांबवता येत नाई मले, मालूम हाय ना तुले."

मी उभाच राहिलो. "चाचा, ते औषध," मी म्हटलं. "दोन्ही एका पंपात मार म्हणून मीच सांगितलं होतं त्याले. चालत नव्हतं. मले माहीत होतं."

हिरवा रणगाडा भिंत फोडत राहिला. दामूने माझ्याकडे मान वळवली नाही.

"मालूम हाय," हनीफचाचा म्हणाले. "गमछा घ्याले आला तवा त्यानं डबे इथंच ठेवले होते, टीव्हीवर. दोन्ही. म्या वाचले. बारीक अक्षरात लिहेल होतं. वाचता येते मले." त्यांचा अंगठा बटणावर होता. "वाचून म्हटलं, जाय, लवकर ये."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. मला वाटलं होतं की हे बोललो म्हणजे काहीतरी सुटेल, त्यांचं नाही तर माझं तरी. तसं झालं नाही. आम्ही तिघं त्या खोलीत होतो आणि तिघांनाही सगळं माहीत होतं.

"अबे मेला असता आत्ता!" दामू ओरडला. "बोलत काय बसला? वर घे, वर!"

चाचांनी हिरवा वर घेतला. वरून दोन रणगाडे उतरत होते, एक किल्ल्याकडे निघाला. पिवळा तिथे उभा होता, रिमोट चाचांच्या गुडघ्याशी पडलेला. हात लांबवला असता तर पोचला असता. त्यांनी लांबवला नाही.

"कोणतं वावर?" मी दारातून विचारलं.

"सहावं," दामू म्हणाला. "अजून लय हायत."

मी बसकडे निघालो. चाचांनी मागे वळून पाहिलं नाही, दामूचा रणगाडा अजून चालत होता.